जहाजावर न चढलेला आगवाला

घडीताईचा दिवस पावणेचारला सुरू होई. गजर तिने आयुष्यात लावला नाही. पाचला इस्पितळाच्या धुलाईघरात पहिली पाळी लागे. तोवर घरचं पाणी भरून, आईच्या उशाशी चहाचा थर्मास ठेवून, अर्ध्या तासाची वाट पायी तुडवून ती फाटकाशी उभी असे. रखवालदार म्हणायचा, "ताई, तुम्ही दिसलात की मी माझं घड्याळ लावून घेतो."

धुलाईघर तळघरात होतं. एका टोकाला माणसाच्या उंचीची धुण्याची यंत्रं, दुसऱ्या टोकाला वाफेवर तापणारे रूळ. ओली चादर रुळांत घालायची, पलीकडून ती कोरडी आणि चटका बसेल इतकी तापलेली बाहेर पडते. तिथे दोघी समोरासमोर उभ्या. चादर पकडायची, झटका द्यायचा, कडेला कड लावायची, कोपऱ्याला कोपरा, पुढे यायचं, मागे जायचं, पुढची चादर. जमिनीला टेकली तर ती पुन्हा धुवायला जाते आणि मुकादम तुमच्याकडे बघतो. काम बघायला सोपं आहे. करून बघावं. पहिल्या आठवड्यात बोटांची सालं निघतात, दुसऱ्यात खांदे भरून येतात, तिसऱ्यात बहुतेक जणी दुसरं काम शोधतात.

घडीताई तिथे छत्तीस वर्षं उभी राहिली. नुसती टिकली असती तर तिच्याबद्दल लिहायचं कारण नव्हतं. टिकणारे पुष्कळ असतात. पण वरच्या मजल्यावरच्या नर्सा गठ्ठा बघून सांगायच्या, ही घडी कोणाची. हिच्या घडीत आतली कड बाहेर डोकवायची नाही. पाळीच्या सुरुवातीलाही नाही, पाय सुजल्यावर शेवटच्या तासालाही नाही. म्हणून घडीताई. तिच्या समोर चादरीचं दुसरं टोक धरणारीला सगळे पोपट म्हणायचे. कारण सांगायला नको. रुळांच्या आवाजावर आवाज चढवून ती आठ तास बोलायची. घडीताईने छत्तीस वर्षांत तिला जेमतेम तितकीच उत्तरं दिली असतील.

निवृत्त झाल्यावरही ती पावणेचारलाच उठत राहिली. अंगाला निवृत्तीचं पत्र मिळालेलं नव्हतं.

घरात ती आणि तिची आई. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीसाठी दूर. आई नव्वदीला टेकलेली, पण जिभेला वय नव्हतं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा इस्पितळात एक मुलगी घरातल्या आजारांची माहिती लिहून घ्यायला आली.

"आजी, वडील कशाने गेले?"

"त्यांनाच विचार, सापडले तर."

मुलगी हसली. "म्हणजे मयत लिहू?"

आई काहीतरी फटकन बोलेल म्हणून घडीताई वाट बघत राहिली. आई बोलली नाही. भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, "माहीत नाही असं लिही." घडीताईने आईला शब्द न सुचलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आईच्या बापाची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी सांगत नसे. तो धक्क्यावर हमाल होता. आई पाळण्यात असताना एका सकाळी गाठोडं उचलून बायकोला म्हणाला, जहाजावर आगवाल्याची जागा मिळाली, आलो वर्षभरात. आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालणारा. तो गेला तो गेलाच. वर्ष उलटल्यावर त्याची बायको, म्हणजे घडीताईची आजी, कंपनीच्या कचेरीत विचारायला गेली. कारकुनाने पुस्तकं चाळून सांगितलं, या नावाचा माणूस आमच्या कुठल्याच जहाजावर चढलेला नाही.

झालं. जहाज हे निमित्त ठरलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला दुसरी बायको लावून दिली, पलीकडच्या शहरात घरही थाटून दिलं. आजीने त्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा एकत्र काढलेला फोटो ट्रंकेच्या तळाशी पालथा ठेवला. आईला उशीर झाला की ती दारातच विचारायची, "बापासारखी जाणार तर नाहीस?" शाळेतून, कामावरून, लग्नानंतर माहेरी येताना, दर वेळी. ते ऐकत आई म्हातारी झाली. अजूनही कुठून निघताना ती चार माणसांना सांगून निघते.

इस्पितळातून घरी येताना घडीताईने ठरवलं. हयात का मयत, चढला का नाही चढला, हे आईला तिच्या कानांनी ऐकू येतंय तोवर कळलं पाहिजे. आईला मात्र सांगितलं, "मंगळवारी मी जरा बाहेर जाईन."

"कुठे?"

"कामाला."

"आता कसलं काम? चादरींना करमत नाही वाटतं तुझ्याशिवाय."

जहाज कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, पण त्यांचे कागद सरकारी अभिलेखागारात येऊन पडले होते. जुनी इमारत, उंच खिडक्या, लांब टेबलं, बारा महिने थंड. तिथल्या खोलीचं काम बघणाऱ्या बाई भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसत. पहिल्या दिवशी त्यांनी घडीताईला स्वच्छ सांगितलं, "लोक येतात, दोन खोकी बघतात आणि जातात. इथे घाई चालत नाही."

"घाई कोणाला आहे?" घडीताई म्हणाली.

ती रुळांवर काम करायची तशीच दर मंगळवारी इथे येऊन बसली. एक खोकं, मग दुसरं. मधलं सोडायचं नाही. बघून झालेल्या कागदांची कड दाबून सारखी केल्याशिवाय खोकं बंद करायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत उभ्याने डबा खायचा, कारण बसून पाठ आखडते. आधी ज्या वर्षी तो गेला ते वर्ष, मग त्याच्या मागचं, मग पुढचं. खलाशांच्या भरतीच्या याद्या, उतरलेल्यांच्या, पळालेल्यांच्या, बुडालेल्यांच्या. स्वेटरवाल्या बाई आधी नुसत्या खोकी आणून देत, पुढे पुढे स्वतः शेजारी बसून दुसरी बाजू वाचू लागल्या. नाव लिहिण्याच्या जितक्या तऱ्हा असतील तितक्या दोघींनी शोधल्या. दोन हिवाळे गेले.

नाव नव्हतं. कुठेच नव्हतं.

शेवटचं खोकं बंद करताना बाई म्हणाल्या, "ताई, तुमच्याइतकं नेटाने बघणारं माणूस मी इथे पाहिलं नाही. पण आता बघायला काही उरलेलं नाही."

घडीताई घरी आली. कारकुनाने आजीला एका सकाळी जे सांगितलं होतं, तेच शोधायला तिला दोन वर्षं लागली होती. तिने आईला काही सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. फक्त पुढच्या मंगळवारी म्हणाली, "आज नाही गेलीस कामाला?"

"संपलं."

"हं," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

त्यानंतर ती पोपटकडे गेली. पोपट गुडघ्यांनी घरात अडकली होती, पण तोंड चालू होतं. दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या.

"काय गं, सापडला का आजोबा?"

"नाही."

"मग सोड की. मेलेल्याला एवढं कोण शोधतं? माझा नवरा जिवंत असताना मी शोधला नाही कधी."

"कागदात नाव नाही. म्हणजे तो चढलाच नाही."

पोपटने शेंग खाली ठेवली. बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचा गुळगुळीत, चकचकीत पट्टा होता.

"हे काय आहे?"

"भाजलंय. मला काय दाखवतेस, मी नव्हते का तेव्हा?"

"नव्हतीस. तू घरी होतीस. तुझ्या पोराला ताप होता, तुझी रजा संपली होती, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी तुझं कार्ड घालून मी रुळावर उभी राहिले. हात भाजला माझा. मुकादमाने वहीत लिहिलं कार्डावरचं नाव, नाहीतर तिघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. भाजले मी आणि आजारपणाची रजा मिळाली तुला."

घडीताईला हसू आलं. ते दिवस तिला चांगले आठवत होते. कागदावर जी भाजली होती ती ठणठणीत होती, आणि जी खरी भाजली होती ती घरी पडून होती. मग घडीताई पोपटचं कार्ड घालून रोज कामावर गेली. वरचा साहेब तळघरात उतरला की मुकादम मोठ्याने खोकायचा आणि ती मळक्या चादरींच्या ढिगामागे बसायची.

"इस्पितळाच्या वहीत अजून तुझाच हात भाजलेला आहे," पोपट म्हणाली. "आणि तू म्हणतेस, कागदात नाही म्हणजे झालं नाही."

घडीताईचे हात थांबले. सोललेली शेंग हातात तशीच राहिली.

"काय झालं?" पोपटने विचारलं.

"मोठे काका," ती म्हणाली.

मोठे काका म्हणजे बेपत्ता झालेल्याचे थोरले भाऊ. आईचे काका, पण घरात लहानथोर सगळे त्यांना मोठे काकाच म्हणत. खरा खलाशी तेच होते. आगवाला म्हणून तीन सफरी केलेले, कंपनीचं पुस्तक, म्हणजे खलाशाचं ओळखपत्र, जवळ असलेले. धाकटा गेला त्या साली धक्क्यावर एक पेटी त्यांच्या पायावर पडली, पाय मोडला. तेव्हापासून ते पुन्हा जहाजावर गेले नाहीत. पाय गेला म्हणून, असं घरात म्हणत. लोक चिडवत, काकांनी पाण्याची धास्ती घेतली. पण त्याच पायावर त्यांनी पुढे आयुष्यभर धक्क्यावर गोण्या वाहिल्या, आणि तेही रोजंदारीवर, हजेरीपटावर नाव न लागता. घडीताईला ते आठवत होते. ती शाळेत होती तोवर ते होते. लंगडत यायचे, पण खांद्यावर ओझं घेऊन.

ज्या पायाने माणूस गोणी वाहतो त्या पायाला जहाज जड का व्हावं? हा प्रश्न एवढ्या वर्षांत कोणाला पडला नव्हता. ओझी वाहून पोट भरणाऱ्यांच्या घरात तरी पडायला हवा होता.

"मी दोन वर्षं धाकट्याचं नाव शोधत होते," ती म्हणाली. "त्याच्या नावावर तो गेलाच नाही."

"काखेत कळसा," पोपट म्हणाली. "घे, मटार सोल."

मंगळवारपर्यंत घडीताई थांबली नाही. दुसऱ्याच सकाळी अभिलेखागाराचं दार उघडायच्या आत ती पायरीवर होती. स्वेटरवाल्या बाईंना तिने सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला नाही की वाद घातला नाही. उठल्या, त्या सालची खोकी परत काढली आणि म्हणाल्या, "थोरल्यांचं नाव सांगा."

ते नाव दुपारच्या आत सापडलं. जहाज निघालं त्या दिवशी मोठे काका आगवाला म्हणून चढल्याची नोंद होती. पाय मोडून घरात पडलेले मोठे काका. जागा एकदा हातची गेली तर परत मिळायची नाही, म्हणून धाकट्याने भावाचं पुस्तक खिशात घातलं होतं. आणि चार महिन्यांनी, परक्या मुलखातल्या एका बंदरात, त्याच नावापुढे मयत. भट्टीपुढे काम करताना उष्माघात. तिथल्याच खलाशांच्या दफनभूमीत पुरला. वारसांना पत्राने कळवलं. शिल्लक पगार न्यायला कोणी आलं नाही.

"हे तुमचे मोठे काका," बाई हळूच म्हणाल्या.

"मोठे काका यानंतर चाळीस वर्षं जगले. माझ्या आईला हाताला धरून शाळेत नेत होते."

बाईंनी पान उलटलं. मागे जहाजावरच्या डॉक्टरची ओळ होती. पुस्तकात ओळखीची खूण म्हणून उजव्या हाताची करंगळी अर्धी असं लिहिलं आहे. मृताची दहाही बोटं शाबूत आहेत. खाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात शेरा होता, चौकशीची गरज नाही.

घडीताईने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग कागदांच्या कडा सारख्या केल्या, खोकं बंद केलं आणि बाईंना म्हणाली, "तुमची मेहनत लागली याला." बाईंनी चष्मा काढून स्वेटरने पुसला.

घरी आई भाजी निवडत होती.

"आई, तुझा बाप जहाजावर चढला होता."

आईचे हात थांबले नाहीत. "कोण म्हणतं?"

"मोठ्या काकांच्या पुस्तकावर गेला होता. चार महिन्यांनी वारला. भट्टीपुढे." तिने क्रमाने सगळं सांगितलं, काही न वगळता, काही न वाढवता.

आईने शेवटी एकच विचारलं. "दहा बोटं?"

"दहा."

आईने आपली मूठ हवेत अर्धवट मिटली, जणू काहीतरी धरलं आहे. "रस्ता ओलांडताना मोठे काका मला करंगळी द्यायचे. अर्धीच होती. घट्ट धरावी लागायची, नाहीतर निसटायची." मग तिचा आवाज बदलला. "त्यांना कळलं होतं?"

"पत्र त्यांच्याच घरी आलं असणार. वाचता येणारे तिथे ते एकटेच. स्वतःच्या मरणाचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. कागदावर मेलेला माणूस पुन्हा जहाजावर कसा चढणार?"

"आणि माझ्या आईला रोज दारात वाट बघताना पाहत होते." आईने ताटली बाजूला सारली. भाजी सांडली. घडीताईने ती गोळा केली.

तिसऱ्या दिवशी आई थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाली, "दर शनिवारी धान्याची गोणी आणायचे. हातगाडी मिळत होती तरी खांद्यावरून. आई म्हणायची, भावोजी, बसा, पाणी घ्या. एकदाही बसले नाहीत. उंबऱ्यात गोणी उतरवली की चालले. मला वाटायचं, माणसाला माज आहे."

"सांगायला हवं होतं त्यांनी."

"हवंच होतं. ते मी त्यांना माफ करणार नाही." आईने चहाचा घोट घेतला. "पण एक शनिवार चुकला नाही, हेही खरं. आजारी पडले तरी नाही."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्याने आधी भट्टीचं काम केलं होतं का कधी?"

"नाही. गोणी वाहायचा. कोळसा घालणं वेगळं. फावडं भरून पार आत फेकायचा, दार लावायचं, राख ओढायची, पुन्हा दार उघडायचं. उघडलं की तोंड भाजतं. काम शिकलेली माणसं पण त्यात आडवी होतात."

"आणि याने चार महिने केलं."

"चार महिने. भावाच्या नावाला बट्टा लागू दिला नाही. कामात कुचराई केल्याचा एक शेरा नाही कागदांत, मी बघितलं."

"मग टिकला म्हणायचा," आई म्हणाली. घडीताईच्या घरात याहून मोठं कौतुक कोणी कोणाचं करत नसे. मग आईने ट्रंक उघडायला लावली, तळाचा फोटो काढला, पदराने पुसला आणि भिंतीवर खिळा कुठे मारायचा ते बोटाने दाखवलं.

त्या बंदरातली दफनभूमी अजून होती. तिची देखभाल करणाऱ्या मंडळाला स्वेटरवाल्या बाईंनी पत्र लिहून दिलं. उत्तर आलं, सोबत फोटो. समुद्राच्या बाजूला बुटक्या दगडांची रांग, त्यातल्या एकावर मोठ्या काकांचं नाव, अर्धं झिजलेलं. कुटुंबाने खर्च दिला तर नवा दगड बसवता येईल, असं त्यांनी कळवलं होतं.

निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम घडीताईने आपल्या गुडघ्यांसाठी बाजूला ठेवली होती. छत्तीस वर्षं सिमेंटच्या जमिनीवर उभं राहिल्यावर गुडघे उरत नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले होते.

"गुडघ्यांचं काय?" आईने विचारलं.

"चालतेय ना मी. पळायचं कुठे आहे?"

"आपल्या घराण्यात पळत कोणी नाही, ते आता सिद्धच झालं," आई म्हणाली. मग बोट वर करून, "ऐक. मोठ्या काकांचं नाव पुसायचं नाही. आपलं वर घालायचं, त्यांचं खाली राहू दे."

"ते तिथे नाहीत आई."

"तिथेच संपले ते. नंतर नुसत्या गोण्या वाहत होते."

आणखी एक अट आईनेच घातली. नावाखाली काम लिहायचं. मंडळाने आधी दगडाचा आराखडा पाठवला. घडीताईने पट्टी लावून बघितलं. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा अर्धा बोट उजवीकडे सरकली होती. तिने तो परत पाठवला. लिहिलं, दोन्ही ओळी एका कडेला असाव्यात, घाई नाही.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीच मुलगी माहितीचे कागद घेऊन आली. आईने ती विचारायच्या आतच सांगितलं, "वडील मयत. काम करताना."

डोळ्याची पट्टी निघाल्यावर काही आठवड्यांनी दगडाचा फोटो आला. आईने तो खिडकीशी नेला आणि चष्म्याशिवाय वाचला. वर बापाचं नाव, खाली काकांचं, दोन्ही एका कडेला. आणि त्याखाली एकच शब्द, आगवाला. घडीताई तिच्या मागे भिंतीला एक हात टेकून उभी होती, कारण गुडघे दुखत होते. वाफेपुढे घालवलेल्या तिच्या छत्तीस वर्षांतून एवढाच एक दगड विकत घेतला गेला, आणि त्याच्या कडा सरळ होत्या.